पाय चाकाला लागतो

४ फेब्रुवारी

दादा,

'प्रिय' लिहायचं विसरले नाही. मुद्दाम गाळलंय.

तुझं उत्तर काल दुपारी जेवताना आलं. मी तुला कळवलं होतं की आपल्याकडून हिरवी फिक्स्ड गिअर सायकल घेतलेल्या घड्याळवाल्या बाई पडल्या, उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, वरचे पुढचे दोन दात गेले. त्यावर तुझी एक ओळ: "आधी सायकल चालवायला शिका म्हणावं." हातात घास होता, तो मी ताटात परत ठेवला. आई म्हणाली, "काय गं, केस निघाला का?" मी हो म्हटलं.

तुला सायकली लक्षात राहतात, माणसं राहत नाहीत. म्हणून आठवण करून देते. बाजारामागच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करतात त्या. पन्नाशीच्या, अंगाने चिमुकल्या, आपल्या आईच्या खांद्याला जेमतेम लागतील एवढ्या. तू नोकरीसाठी गेलास त्यानंतर तीन महिन्यांनी आल्या. भिंतीवरची सगळ्यात लहान फ्रेम बघून म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या मापाची सायकल दिसली हो." ती फ्रेम तू जाण्याआधी आखलेली, मी नळ्या झाळून जोडलेली. हिला फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, हे मी त्यांना नीट समजावलं. त्या हसल्या. "म्हणजे घड्याळासारखंच की. एक चाक फिरलं की दुसऱ्याला सुट्टी नाही." या बाईंना तू सायकल शिकवणार?

पडल्या कुठे, तर स्वतःच्या इमारतीच्या फाटकात. भर दुपारी, जेवायला घरी येताना, चालण्याच्या वेगाने. गाडी आडवी आली नाही, कुत्रं आलं नाही. आत शिरायला त्यांनी हँडल डावीकडे वळवलं, नेमका त्याच वेळी उजवा पाय फिरत पुढे आला आणि बुटाचं टोक वळलेल्या चाकात अडकलं. साध्या सायकलवर माणूस पाय जागच्या जागी धरून ठेवतो. इथे मागचं चाक पायाला पुढे ढकलतच राहतं. बूट मध्ये, म्हणून चाक सरळ होईना, आणि पायडल ढकलतंय म्हणून बूट निघेना. त्यांनी हात टाकला तो फाटकाच्या लोखंडी चौकटीवर. मागोमाग तोंड.

तुला हे माझ्याहून जास्त कळतं. तरी लिहिते. माझ्या अक्षरात ते तुझ्यासमोर असू दे.

त्यांच्या नवऱ्याने ती सायकल आपल्याकडे आणून टाकली. काल मी ती स्टँडवर चढवली, हँडल वळवलं, पायडल पुढे आणून त्यावर बूट धरला. बूट चाकाच्या आत तीन बोटं जातो. तीन बोटं! पुसट लागणं वेगळं आणि हे वेगळं. अशी सायकल आपल्या दुकानातून बाहेर गेली आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पत्राचं उत्तर पत्राने दे. तुझ्या त्या एका ओळीच्या निरोपांची मला शिसारी आली आहे.

— धाकटी


११ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं. कंपनीच्या कागदावर, वर चकचकीत शिक्का, तीन पानं. एवढं तू आप्पा गेले तेव्हाही लिहिलं नव्हतंस.

तू लिहितोस, लहान मापाच्या सायकलीत पाय चाकाला थोडाफार लागतोच, जगभर लागतो. शर्यतीच्या गोल धावपट्टीवर फिक्स्ड गिअर चालवणारे त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, कारण तिथे हँडल एवढं वळवायची वेळच येत नाही. हे खोटं नाही. पण आपण ती धावपट्टीवर विकली नाही रे. आपण ती भाजीची पिशवी टांगून बाजारात जाणाऱ्या बाईला विकली, वर घंटी लावून दिली.

आणि तिसऱ्या पानावरचा तुझा सल्ला. "त्यांच्याकडून एका कागदावर सही घेऊन ठेव की ही गोष्ट विकतानाच सांगितली होती. तारीख मागची घाल." मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले. सही कुठल्या हाताने करतील त्या? उजवा कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे.

कागद नेला नाही, पण मी गेले होते त्यांच्याकडे. दुकान म्हणजे एक खोली, खिडकीपाशी उंच टेबल, त्यावर दिवा. टेबलावर पंचवीस-तीस घड्याळं उघडी पडलेली, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी. त्यांचा नवरा, मोठा गडी, बोटं केळ्यांएवढी, घड्याळांची मागची झाकणं उघडून देत होता आणि त्या डाव्या हातात चिमटा धरून आत काहीतरी शोधत होत्या. चिमटा थरथरत होता. एक गिऱ्हाईक आलं आणि आपलं घड्याळ तसंच परत घेऊन गेलं. "घाई आहे हो," म्हणालं. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे." दात नसल्यामुळे त्यांच्या तोंडून 'स' आला की बारीक शिट्टी वाजते. ती वाजू नये म्हणून त्या बोलताना डाव्या हाताने तोंड झाकतात.

मला वाटलं होतं त्या भांडतील. मी उत्तरं जुळवून गेले होते. त्यांनी स्टूल पुढे केलं.

"माझंच चुकलं बघा. पाय कसा आडवा आला कळलंच नाही. वय झालं."

नवरा म्हणाला, "मी म्हणत होतो, या वयात कशाला असले चाळे."

"तुम्ही नका वाईट वाटून घेऊ," त्या मला म्हणाल्या. "तुमची सायकल फार गोड होती. तिला काही झालं नाही ना?"

दादा, त्यांनी सायकलची चौकशी केली.

यावर मी काय बोलले असेन? काही नाही. मूग गिळून बसले. चहा आला, तो प्यायले. एक कप नाही, दोन. बिस्किटंही खाल्ली. निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं वाटलं," आणि मी म्हटलं, "काळजी घ्या."

तुझ्याबद्दल लिहायला बसले होते. आता पुढे लिहवत नाही.

— धाकटी


२ मार्च

दादा,

तुझी दोन पत्रं आली, दोन्हींत तेच. सही घे, विषय संपव. उत्तर दिलं नाही, कारण मी माळा उपसत होते. तुझ्या आखणीच्या कागदांच्या नळ्या तिथेच आहेत, तू नेल्या नाहीस. सगळ्यात लहान मापाचा कागद शोधायला तीन दिवस लागले.

तो आता माझ्यासमोर पसरलाय. पुढचं चाक तू दोनदा काढलं आहेस. पहिल्यांदा काढलंस तेव्हा पायडलपासून ते लांब होतं. तू तिथे बूटसुद्धा काढला होतास आणि त्याच्या टोकापासून चाकापर्यंत एक बोट जागा सुटत होती. मग ते चाक तू खोडलंस. रबर एवढं घासलंस की कागदाला तिथे लव आली आहे. नवं चाक तीन बोटं मागे. म्हणजे बूट दोन बोटं आत. बूट तू पुन्हा काढला नाहीस. आणि कडेला तुझ्या त्या सुबक अक्षरात: "भिंतीवर बरी दिसत नाही."

मला आठवलं. प्रदर्शनात आपल्या सगळ्या मापांच्या सायकली एका भिंतीवर ओळीने लावायच्या होत्या. मोठीपासून लहानपर्यंत, एकाच तोंडवळ्याच्या. लांब नाकाची लहान सायकल तुला खेचरासारखी दिसत होती. त्या भिंतीचा फोटो छापून आला आणि त्या फोटोवर तुला ही नोकरी मिळाली. त्या बाईंचे दात एका फोटोसाठी गेले. हे लिहिताना माझ्या तोंडाला तीच चव येते जी पितळ झाळताना धूर पोटात गेला की येते. थुंकलं तरी जात नाही.

इथपर्यंत लिहून मी पेन बंद केलं होतं. पाकीटही काढलं होतं. पण मग पहिल्या पत्रातलं माझंच वाक्य आठवलं. "मला त्याचा पत्ता नव्हता."

मला पत्ता होता.

लहान सायकल तयार झाली की ती चालवून बघायचं काम माझं. तुला ठाऊक आहे मी ती कुठले बूट घालून चालवायचे. टेबलाखालचे ते जुने कापडी, पातळ तळव्याचे, माझ्या मापाला एक नंबर लहान. पहिल्या लहान सायकलवर माझे नेहमीचे बूट चाकात अडकले होते, अंगणातच, मी हात टेकून सावरले. तू पायरीवर उभा होतास. म्हणालास, "हे बूट घालून बघ." मी घातले. अंगठा आत मुडपून, टाच मागे सरकवून दोन फेऱ्या मारल्या आणि म्हटलं, "आता ठीक आहे." त्यानंतर प्रत्येक लहान सायकलला मी न सांगता तेच बूट घालत आले. तू एकदाच सांगितलंस. पुढचं सगळं माझं मी केलं.

अजून आहे. घड्याळवाल्या बाईंनी मडगार्ड मागितलं होतं, चिखल उडतो म्हणून. तू तेव्हा इथे नव्हतास. मी लावून दिलं. मडगार्डने आणखी एक बोट खाल्लं. तुझी दोन आणि माझं एक, अशी ती तीन बोटं. लावताना मला दिसलं होतं. मी मडगार्ड पुसून चकचकीत केलं.

तुझी किळस वाटते हे खरंच आहे. पण ती वाटायला मला अगदी सोवळी जागा हवी होती. तशी ती नाही.

— धाकटी


९ मार्च

दादा,

तू आईला फोन केलास. मला नाही, आईला. लहानपणी काही फोडलंस की तिच्याच पदरामागे जायचास, अजून तिथेच आहेस.

आधी घड्याळवाल्या बाईंचं सांगते. मी परवा सकाळी तो कागद घेऊन गेले. नवरा बाहेर गेला होता. मी स्टूलवर बसले नाही. कागद टेबलावर उलगडला आणि एका दमात सांगितलं.

"बाई, तुमचा पाय आडवा आला नव्हता. सायकलच तशी होती. दुसऱ्या कोणाचाही आला असता."

त्यांनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. कागदाकडे बराच वेळ बघितलं. घड्याळाच्या माणसाला आखणी समजावून सांगावी लागत नाही. खोडलेल्या जागेवर त्यांनी बोट फिरवलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"विकली तेव्हाच."

"आणि त्या दिवशी इथे बसून चहा प्यायलात, तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

हात तोंडावर न्यायला त्या विसरल्या. "महिना झाला, मी स्वतःला शिव्या घालतेय. नवऱ्याला सांगितलं, माझी अक्कल गेली, आता मला एकटीला बाहेर सोडू नकोस. जिन्यावरून उतरताना भिंत धरते. आपल्या पायावरचा भरवसा उडालाय माझा. आणि तू?" इथे 'तुम्ही'चं 'तू' झालं. "तू माझ्यासमोर बसून बिस्किटं खात होतीस?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"कसली गं माणसं तुम्ही?"

बोलताना शिट्टी वाजत होती. ऐकून कुणाला हसू आलं असतं. मी कागदाची गुंडाळणारी कड दाबून धरली.

मग त्यांनी विचारलं, "अशा आणखी किती विकल्यात?"

"वहीत सात आहेत. तुमची धरून."

"बाकीच्यांना सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग इथे काय करतेस?" त्या म्हणाल्या. "ऊठ. चालती हो. आधी त्यांच्याकडे जा."

घरी आले तर आई दारातच. तू तिला काय काय सांगितलंस तेही कळलं. मी वेडी झालेय, दुकानाचं नाव धुळीला मिळवणार आहे, तुझ्या वरिष्ठांच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल. आई म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा. बाहेरच्यांसाठी घरचा माणूस उघडा पाडतात का? त्या बाईला दुसरे दात बसतील."

मी वाद घातला नाही. तिचा हात धरून तिला दुकानात नेलं, स्टँडवरच्या हिरव्या सायकलवर बसवलं. ती म्हणत होती, "अगं, काय हे, या वयात." तिचा पाय पायडलवर ठेवला. म्हटलं, फिरव. आणि मी हँडल हळूच डावीकडे वळवलं. चप्पल चाकात गेली. आईने पाय सोडवायचा प्रयत्न केला, तो सुटेना. मी मागचं चाक हाताने फिरवतच राहिले, रस्ता जसा फिरवतो तसं. तिने माझा खांदा गच्च धरला.

"थांब! थांब गं!"

थांबले. तिला उतरवून घेतलं. ती बाकावर बसून आपली पावलं बघत राहिली. मग म्हणाली, "दादाला हे माहीत होतं?"

तिला तो कागद दाखवला. चष्मा लावून तिने कडेची ओळ वाचली. त्यानंतर तुझं नाव तिने काढलेलं नाही. तुझा फोन वाजतो तेव्हा ती स्वयंपाकघरात नळ सोडते.

उरलेल्या सहाही जणांना मी सांगणार आहे. तुझी परवानगी मागत नाही.

— धाकटी


३० मार्च

दादा,

तुझं वकिली पत्र मिळालं. सख्ख्या बहिणीला 'आपण' लिहितोस! त्याला उत्तर नाही. हे दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे.

घड्याळवाल्या बाई आणि वहिनी सोडून पाच जण होते. पाचही गाठले. मला वाटलं होतं शिव्या पडतील. शिव्या परवडल्या असत्या. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, "अहो, मला वाटलं मलाच नीट चालवता येत नाही." दोन सायकली दोघी बहिणींनी घेतल्या होत्या, त्यांनीही तेच सांगितलं. एकीचा गुडघा फुटला होता, तिने घरी सांगितलं होतं की जिन्यावरून घसरले. शाळेत गणित शिकवणाऱ्या मॅडमनी तर सायकल कधीच अडगळीत ढकलली होती. "मला नाही जमत ते," म्हणाल्या. जी ती स्वतःलाच नावं ठेवत होती. एकीलाही सायकलचा संशय आला नाही, एवढी ती दिसायला सुंदर. पाचवा एक बुटका खानसामा. त्याने बुटांची टोकं सुरीने कापून टाकली होती, बोटं बाहेर. "आता सवय झाली, राहू द्या," म्हणाला. त्याच्याकडून सायकल काढून घ्यायला मला दोन दिवस लागले.

दुरुस्ती अशी केली. पुढचं चाक एक माप लहान घेतलं आणि ते धरणारा चिमटा नवा बनवला, जास्त पुढे वाकवलेला. पायडलचे दांडे आखूड लावले. उंची सारखी राखायला मागचं चाकही बदललं. एवढं केल्यावर खानसाम्याचे भलेमोठे नवे बूट घालून बसलं तरी एक बोट जागा सुटते. आणि हो, सायकली आता खेचरासारख्या दिसतात. मॅडमनी अंगणात आठचा आकडा काढला, चालण्याच्या वेगाने, चार वेळा. उतरल्या तेव्हा रडत होत्या. मी आत जाऊन उगीच पाना शोधत बसले.

मग उरली वहिनी. वहीत सातवी सायकल तिची, तुम्ही इथून जाताना बरोबर नेलेली. मी तिला फोन केला. ती अशी खूश झाली!

"किती दिवसांनी गं! बोल."

म्हटलं, "वहिनी, तुझी ती लाल सायकल आहे ना, तिच्यात एक दोष आहे. वळताना पाय चाकाला लागतो. तू ती चालवू नकोस. मी तुला लहान चाकं आणि नवा चिमटा पाठवते, तिथल्या कोणाकडून बसवून घे."

"अगं, पण ती तर ह्यांनी केव्हाच बसवली आहेत."

"काय?"

"लहान चाकं. तिकडे असतानाच, निघायच्या तोंडावर. मी पहिल्यांदा बसले, त्याच आठवड्यात. म्हणाले, तुझा पाय लागेल, पडशील. नवा चिमटा स्वतः वाकवून केला. तुला नाही सांगितलं?"

दादा, तिला पाठवायला बांधलेल्या चाकांची दोरी मी सोडली.

तुझी लहान चाकं, तुझा वाकवलेला चिमटा. दुरुस्ती शोधायला मला तीन आठवडे लागले, ती तुला आधीच येत होती. तुझ्या हाताने तू ती एकदा केलीस, एका सायकलला. आणि दुसरी, तशीच, भिंतीवर टांगून ठेवलीस. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! ही म्हण मी आजवर हसत वापरत आले.

आजपर्यंत मला वाटत होतं, तुला फोटोचा मोह झाला, धोका तुझ्या नीट ध्यानात आला नाही, कारण तू तुझ्या रेषांतच असतोस. तेवढा आडोसा मी तुझ्यासाठी मनात ठेवला होता. तोही गेला. तुला धोका एवढा स्पष्ट दिसत होता की आपल्या बायकोला तू त्यावर आठवडाभरही बसू दिलं नाहीस.

वहिनीने विचारलं, "का गं? काय झालं?" मी सांगितलं. घड्याळवाल्या बाई, दात, मनगट, तू मागितलेली मागच्या तारखेची सही, सगळं. मागून तुझा आवाज आला, "कुणाचा फोन आहे?" ती म्हणाली, "ठेवते मी. ह्यांच्याशी बोलायचंय."

— धाकटी


१८ एप्रिल

दादा,

वहिनीचं पत्र आलं. ती दुसऱ्या खोलीत झोपते, कामाला चालत जाते. लिहिते, "त्या सायकलवर बसले की पडलेल्या बाईच्या अंगावर बसल्यासारखं वाटतं." हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तू जेवणाच्या टेबलावर एकटा बसलेला दिसलास आणि वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा राग आला.

घड्याळवाल्या बाईंचं प्लास्टर निघालं. मनगट पूर्ण वळत नाही. चिमटा दहा मिनिटं धरवतो, मग हात टेकावा लागतो. भिंतीवरची मोठी घड्याळं त्या घेतात, मनगटी परत पाठवतात. नवे दात बसले, शिट्टी गेली. मी त्यांच्यासाठी अगदी पहिल्यापासून नवी फ्रेम बांधली होती, तुझ्या खोडलेल्या रेघेबरहुकूम. ती घेऊन गेले तर म्हणाल्या, "मला सायकलच नको आता. आणि तुझ्या हातची तर नाहीच." मी बरं म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "ती हिरवी कुठे आहे?"

"दुकानात."

"माझ्यासमोर काप."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर आल्या. आईने बाक पुसून दिला. मी हिरवी फ्रेम पकडीत आवळली आणि करवत चालवली. नळी अर्ध्यात आल्यावर त्या उठून जवळ आल्या. डाव्या हाताने फ्रेमचं टोक धरलं, कापताना हलू नये म्हणून. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. चारही नळ्या कापल्या. जाताना आईने त्यांचा हात धरला आणि काहीतरी पुटपुटली. त्यांनी हात सोडवून घेतला, पण हळू.

त्यांनी मला माफ केलेलं नाही. माफी मी मागितलीही नाही.

आणि काल तुझं पाकीट आलं. मला वाटलं, पुन्हा वकील. आत पत्र नव्हतं. तुझ्या जुन्या वहीचं फाडलेलं एकच पान. वर लिहिलेलं, "प्रदर्शन. लहान माप. परस्पर." खाली चार पत्ते.

म्हणजे सात नव्हत्या. अकरा होत्या. चार तू प्रदर्शनाच्या मांडवातूनच परस्पर विकल्यास, वहीत न लिहिता, मला न सांगता. पान बघून पहिल्यांदा संताप आला तो याचा. मग दिसलं की पत्त्यांपुढे तू एक-दोन शब्द लिहिले आहेस. शाई जुनी आहे, तेव्हाचीच. विकताना त्यांना सायकलवर बसवून बघितलं असशील. पहिल्यापुढे 'लागतो'. दुसऱ्यापुढे 'लागतो'. तिसऱ्यापुढे 'थोडा लागतो'. बघून, लिहून, वही मिटून तू सायकल त्यांच्या हातात दिलीस.

हे पान जाळून टाकणं तुला सोपं होतं. मला कधीच कळलं नसतं. तू ते पाठवलंस. का पाठवलंस ते माहीत नाही. वहिनीने पाठवायला लावलं असेल किंवा तुला झोप लागत नसेल. तुझी किळस वाटणं त्याने थांबलेलं नाही. पण आज सकाळी आईने विचारलं, "त्याने काय पाठवलंय?" आणि मी म्हटलं, "पत्ते." आईने नळ सोडला नाही.

चार जोडी चाकं आणि चार चिमटे बांधून ठेवलेत. उद्या निघते. चौथ्या पत्त्यापुढे तू काहीच लिहिलेलं नाहीस. बघितलंच नाहीस की लिहायला धजला नाहीस, कळत नाही. आधी तिथे जाते.

— धाकटी